सेकंड लाइफच्या स्क्रिप्टमध्ये आकड्याचा मजकूर करताना

सेकंड लाइफ या आभासी जगात ज्यांनी एखादी तरी वस्तू बोलती केली आहे, त्यांना ‘टाइप मिसमॅच’ ही तक्रार चांगलीच ओळखीची असते. दारापाशी पाहुणे मोजणारी पाटी लावावी आणि तिने ‘आलेले पाहुणे: १२’ असे सांगावे, एवढीच अपेक्षा असते, पण अवतरणचिन्हांतल्या मजकुरापुढे अधिकचे चिन्ह टाकून मोजणीचा आकडा जोडला की कंपायलर, म्हणजे लिहिलेली स्क्रिप्ट तपासून चालण्याजोगी करणारा प्रोग्राम, प्रकार जुळत नाहीत म्हणून तिथेच अडून बसतो. लिंडेन लॅबने २००३ मध्ये हे जग सर्वांसाठी खुले केले. तिथल्या वस्तू ज्या भाषेवर चालतात, त्या लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेजमध्ये, म्हणजे एलएसएलमध्ये, प्रत्येक मूल्याचा प्रकार आधीच ठरलेला असतो. पूर्णांक गरजेप्रमाणे आपोआप फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, होतो आणि ‘की’, म्हणजे वस्तूचा किंवा व्यक्तीचा ओळखक्रमांक, आपोआप स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, होते, पण पूर्णांकाला किंवा फ्लोटला आपोआप स्ट्रिंग होण्याची मुभा नाही. दुसरीकडे बोलण्याच्या सगळ्या आज्ञा, म्हणजे वीस मीटरपर्यंत ऐकू जाणारी एलएलसे, दहा मीटरवर थांबणारी एलएलव्हिस्पर, शंभर मीटर गाठणारी एलएलशाउट आणि केवळ मालकाला ऐकू येणारी एलएलओनरसे, स्ट्रिंगशिवाय दुसरे काहीच स्वीकारत नाहीत. (आज्ञांची नावे मी इथे देवनागरीत लिहितो आहे, एडिटरमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात. आकडेही वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. स्क्रिप्ट आपणहून ते इंग्रजी अंकांतच दाखवते.)

यावरचा उपाय कोणत्याही पहिल्या धड्यात सापडतो: आकड्याच्या आधी कंसात ‘स्ट्रिंग’ लिहायचे, की झाला मजकूर. बहुतेक धडे इथेच संपतात आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते. या प्रकारबदलामुळे, म्हणजे टाइपकास्टमुळे, कंपायलरचे समाधान होते, पण पाटीसमोर उभ्या असलेल्या माणसाला काय वाचायला मिळणार, याची त्या कंसाला काहीही काळजी नसते. सरासरी देणगी ‘३.५००००० लिंडेन डॉलर’ (हे तिथले चलन) अशी दाखवणारी पेटी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असते आणि तरीही ती पाहणाऱ्याला अर्धवट वाटते. मी एका लहानशा मराठी वाचनकक्षासाठी पाहुण्यांची पाटी आणि देणगीपेटी लिहिली, तेव्हा बहुतांश मेहनत मोजणीवर नव्हे, तर मोजलेले सांगण्यावर खर्च झाली. त्यातल्या उपयोगी गोष्टी इथे सविस्तर मांडतो.

प्रथम कंसाचा स्वभाव समजून घ्यावा. टाइपकास्ट त्याच्या लगेच पुढच्या पदालाच चिकटतो, त्यामुळे कंसातल्या ‘स्ट्रिंग’पुढे ‘आज अधिक काल’ अशी बेरीज लिहिली तर फक्त ‘आज’चा मजकूर होतो आणि उरलेला पूर्णांक पुन्हा त्याच तक्रारीला जन्म देतो. घाईत दोन्ही पदांना वेगवेगळे कास्ट लावणारे बरेच असतात. त्याने तक्रार जाते, पण आज १२ आणि काल ३ पाहुणे आले असतील तर पाटीवर १५ ऐवजी १२३ झळकतात. बेरीज स्वतंत्र कंसात घालून त्या कंसाबाहेर कास्ट लावणे हाच योग्य मार्ग आहे. ऋण आकडा थेट लिहायचा असेल तरी हाच नियम पाळावा, कारण कास्टनंतर लगेच वजाचे चिन्ह आलेले कंपायलरला चालत नाही.

आता फ्लोट. एलएसएल फ्लोटचा मजकूर करताना दशांशचिन्हानंतर नेहमी सहा स्थळे छापते, साडेतीनचे ३.५००००० होते आणि तीनचे ३.००००००. देणगीपेटीत सरासरी काढताना त्याआधी आणखी एक खाचखळगा येतो. एकूण रक्कम पूर्णांक असते, देणाऱ्यांची संख्याही पूर्णांक असते, आणि दोन पूर्णांकांचा भागाकार एलएसएलमध्ये पूर्णांकच येतो. म्हणजे दोघांनी मिळून सात लिंडेन डॉलर दिले तर सरासरी तीन निघते. भागाकार झाल्यावर त्याला फ्लोट केले तर ३.०००००० मिळते, म्हणजे चूक तशीच राहून वर अचूकतेचा आव आणला जातो. भागाकाराच्या आधी एका बाजूला फ्लोट करावे, मग मजकुराचा विचार करावा.

सहा स्थळांची दोन करण्याचा प्रचलित उपाय म्हणजे शेवटची चार अक्षरे कापणे. मजकुराचा तुकडा काढणाऱ्या एलएलगेटसबस्ट्रिंगला शून्य ते उणे पाच, म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटून पाचव्यापर्यंत, अशी मर्यादा दिली की ३.५००००० चे ३.५० होते. एका ओळीत काम भागते, म्हणून तो सर्वत्र दिसतो, आणि अंतर किंवा वेग दाखवायला तो पुरेसाही आहे. पण हे कापणे आहे, पूर्णांकन नव्हे, २.९९९ चे यात २.९९ होतात, जिथे वाचणाऱ्याला ३.०० अपेक्षित असतात. हिशेबाच्या पाटीवर मला हे खपत नाही. म्हणून मी आकड्याला शंभराने गुणतो, एलएलराउंडने जवळचा पूर्णांक घेतो, आणि मग त्या पूर्णांकाचा शंभराने भागाकार व बाकी असे दोन तुकडे करून मध्ये दशांशचिन्ह ठेवतो.

या पद्धतीत दोन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. ३.०५ घ्या. शंभरपट केल्यावर ३०५, भागाकार ३, बाकी ५. दोन्ही तुकडे सरळ जोडले तर ‘३.५’ असे दिसते, म्हणजे पाच शतांशांचे थेट पाच दशांश झाले. बाकी दहापेक्षा लहान असेल तर तिच्याआधी एक शून्य लावण्याची अट हवीच. दुसरे ठिकाण ऋण आकड्यांचे. माझ्या वाचनकक्षाखाली एक तळघर आहे, आणि पाण्याच्या पातळीपेक्षा ते किती खाली आहे हे दाखवायचे होते. एलएलगेटपॉसने मिळणाऱ्या उंचीतून एलएलवॉटरने मिळणारी पातळी वजा केली की हा फरक कळतो. तो समजा उणे ०.४ मीटर आला, तर शंभरपट उणे ४०, भागाकार शून्य आणि बाकी उणे ४०. पाटीवर ‘०.-४०’ असा काहीतरी विचित्र प्रकार उमटतो. शून्याला स्वतःचे चिन्ह नसल्यामुळे पहिल्या तुकड्यातून वजा हरवते आणि दुसऱ्या तुकड्यात नको तिथे प्रकटते. चिन्ह सुरुवातीलाच वेगळे काढून ठेवावे, पुढचे सगळे गणित धन आकड्यावर करावे आणि शेवटी वजा पुढे चिकटवावे.

एक मर्यादा मात्र कोणत्याही युक्तीने ओलांडता येत नाही. एलएसएलचा फ्लोट ३२ बिटांचा असतो, त्यामुळे १,६७,७७,२१६ च्या पुढचे बरेच पूर्णांक त्यात अचूक मावत नाहीत. मोठ्या रकमांची बेरीज फ्लोटमध्ये ठेवू नये. लिंडेन डॉलरला अपूर्णांक नसतो आणि मनी या इव्हेंटमध्ये, म्हणजे कोणी पैसे दिल्यावर चालणाऱ्या भागात, रक्कम पूर्णांक म्हणूनच हाती येते, तेव्हा तिला शेवटपर्यंत पूर्णांकच राहू द्यावे.

स्थान सांगणाऱ्या संदेशांची गत आणखी वेगळी आहे. स्थान व्हेक्टरमध्ये, म्हणजे एक्स, वाय, झेड अशा तीन आकड्यांच्या संचात, मिळते. व्हेक्टरचा थेट मजकूर केला तर तिरक्या कंसात तीन आकडे मिळतात आणि प्रत्येकाला पाच दशांश स्थळे असतात. तोच व्हेक्टर लिस्टमध्ये घालून, लिस्टचा मजकूर करणाऱ्या एलएलडंपलिस्टटूस्ट्रिंगमधून काढला तर सहा. ही विसंगती कशासाठी ठेवली आहे हे तर्काने समजण्यासारखे नाही, पण दोन स्क्रिप्टमधले मजकूर एकमेकांशी ताडून पाहणाऱ्याला तिचा फटका बसतो. २५६ मीटर लांबीरुंदीच्या रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या जमिनीच्या एका तुकड्यात, वाट सांगताना मीटरचा लाखावा हिस्सा कोणालाही नको असतो. व्हेक्टर आधी एका व्हेरिएबलमध्ये घ्यावा, कारण एलएलगेटपॉसच्या पुढेच बिंदू देऊन एक्स मागता येत नाही, आणि मग तिन्ही घटकांचे पूर्णांक करून ‘१२८, ६४, २२’ असे सुटसुटीत सांगावे.

वेळेच्या बाबतीत मघाचेच शून्य पुन्हा भेटते. नऊ वाजून पाच मिनिटांचे ‘९:५’ होऊ नये, यासाठी तीच अट इथे लावावी. भारतीय मंडळींना आणखी एक पायरी लागते: सेकंड लाइफचे घड्याळ अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार चालते, म्हणून मी जागतिक प्रमाणवेळेचे (यूटीसीचे) सेकंद देणारे एलएलगेटयुनिक्सटाइम घेऊन त्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवतो, ८६,४०० ने भागून बाकी घेतो आणि तिचे तास व मिनिटे करतो. कार्यक्रमाची वेळ सांगणाऱ्या पाटीवर हे नसेल तर पुण्यातला माणूस हमखास चुकीच्या प्रहरी येतो.

आकडा नीट झाला तरी वाक्य नीट होतेच असे नाही. इंग्रजी पाटीवर एकच पाहुणा आला असता शेवटचा एस जास्तीचा राहतो, एवढेच. मराठीत ‘१ पाहुणे आले’ हे कानाला त्याहून जास्त खटकते, कारण नाम आणि क्रियापद दोन्ही चुकतात; आणि प्रश्न पुस्तकांचा असेल तर ‘१ पुस्तक वाचले’ आणि ‘२ पुस्तके वाचली’ अशी जोडी निराळीच. आकडा एक असेल तर एक वाक्य, नाहीतर दुसरे, अशी पूर्ण वाक्येच वेगवेगळी लिहून ठेवावीत; शब्दांचे शेपूट अटी लावून बदलत बसू नये, तसले कोड महिन्याभराने स्वतःलाच वाचवत नाही. शून्यासाठी तिसरे वाक्य ठेवले तर उत्तम: ‘अजून कोणी आलेले नाही’ हे ‘० पाहुणे आले’पेक्षा किती सभ्य वाटते! एलएसएलमध्ये खरे-खोटे असा वेगळा प्रकार नाही, ट्रू म्हणजे केवळ एक आणि फॉल्स म्हणजे शून्य. त्यामुळे ‘दार उघडे: १’ असे संदेशही सर्रास दिसतात. तिथेही आकडा न छापता ‘दार उघडे आहे’ किंवा ‘दार बंद आहे’ यांपैकी एक वाक्य निवडावे.

मोठ्या आकड्यांना स्वल्पविराम हवेत, आणि ते आपल्या पद्धतीने हवेत. तीन-तीनचे गट पाडणारी तयार फंक्शन्स पुष्कळ मिळतात, पण लाख आणि कोटीत विचार करणाऱ्याला ती उपयोगाची नाहीत. लिहायला ते अवघड नाही: आकड्याचा मजकूर करावा, तीन किंवा त्याहून कमी अक्षरे असतील तर तसाच परत द्यावा, अन्यथा शेवटची तीन अक्षरे बाजूला काढावीत आणि उरलेल्यात दोनपेक्षा जास्त अक्षरे आहेत तोवर शेवटची दोन-दोन काढून स्वल्पविरामासह पुढे जोडत जावे. एलएसएलमधला सर्वांत मोठा पूर्णांक यातून २,१४,७४,८३,६४७ असा बाहेर पडतो. वजाचे चिन्ह इथेही आधीच काढून ठेवलेले बरे, नाहीतर तेही एक अक्षर म्हणून मोजले जाते.

देवनागरी अंक हवे असतील तर प्रत्येक अंकासाठी, क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या एलएलचारला २४०६ अधिक तो अंक एवढे द्यावे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य २४०६ या क्रमांकावर आहे आणि पुढचे नऊ अंक त्याच्या पाठोपाठ आहेत. मात्र याची किंमत बाइटांत मोजावी लागते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि हलन्त धरून, तीन बाइट घेते. ‘नमस्कार’ या साध्या शब्दाचे न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात घटक म्हणजे एकवीस बाइट होतात. वस्तूवर तरंगता मजकूर दाखवणाऱ्या एलएलसेटटेक्स्टची मर्यादा २५४ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीत जेमतेम ८४ चिन्हे. त्यापुढचा मजकूर मुकाट्याने छाटला जातो. वरचा २,१४,७४,८३,६४७ हा आकडा इंग्रजी अंकांत चौदा बाइटांत बसतो आणि देवनागरीत चौतीस घेतो. त्यामुळे तरंगत्या पाटीवर मी इंग्रजी अंक वापरतो आणि चॅटमध्ये, जिथे १०२४ बाइटांची ऐसपैस जागा असते, तिथे देवनागरी. मजकूर कसा दिसेल हे पाहणाऱ्याच्या संगणकावर आणि व्ह्यूअरवरही, म्हणजे ते जग दाखवणाऱ्या प्रोग्रामवरही, अवलंबून असते, म्हणून ही निवड बदलण्याची सोय मालकाच्या मेनूत ठेवलेली आहे.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे पाहुण्याने चॅटमध्ये टंकलेल्या मजकुराचा आकडा करणे, थोडक्यात सांगतो. ‘१२ पुस्तके’ या मजकुराचा पूर्णांक केला तर १२ मिळतात, कारण सुरुवातीचे अंक घेऊन बाकीचे सोडून दिले जाते. पण ‘बारा’ असे लिहिले तर शून्य मिळते, आणि कोणी खरोखर शून्य लिहिले असेल तरी शून्यच. कुठलीही तक्रार न होता हे घडते, म्हणूनच ते घातक आहे. आलेल्या मजकुराचा पूर्णांक करून त्याचा पुन्हा मजकूर करावा आणि तो मूळ मजकुराशी जुळतो का हे पाहावे. न जुळल्यास नम्रपणे पुन्हा विचारावे.

सर्वांत जास्त वेळ मी घातला तो देणगीच्या पावतीवर. आपल्याकडे मंदिराची असो की ग्रंथालयाची, पावतीवर ‘अक्षरी’ असा एक रकाना असतोच, आणि देणाऱ्याला चॅटमध्ये मिळणाऱ्या आभाराच्या संदेशात तो असावा अशी माझी हौस होती. इंग्रजीत हे काम तीसेक शब्दांत भागते, कारण विसाच्या पुढे दशकाचा शब्द आणि एककाचा शब्द जोडला की झाले. मराठीत शंभरापर्यंतचा प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे पुढच्या दशकाकडे पाहून बनतात असा नियम बांधायला जावे, तर नव्व्याण्णव तो मोडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाचा पर्याय आला आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. लेकरांच्या सोयीचे काय ते शिक्षक जाणोत, पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो पर्याय म्हणजे पर्वणीच होती. पावतीवर मात्र ‘वीस एक’ लिहिण्याची माझी तयारी झाली नाही.

तेव्हा शून्य ते नव्व्याण्णव अशा शंभर शब्दांची लिस्ट केली आणि शून्याच्या जागी रिकामी स्ट्रिंग ठेवली, म्हणजे शब्दाचा क्रमांक आणि त्याचे मूल्य एकच राहते. शंभराच्या आतला आकडा थेट लिस्टमधून उचलायचा. शतक असेल तर त्याचा शब्द घेऊन त्याला ‘शे’ लावायचे, दोनशेपासून नऊशेपर्यंत कुठेच अडत नाही. फक्त आकडा नेमका शंभर असेल तर ‘एकशे’ न म्हणता ‘शंभर’ म्हणावे, आणि एकशे एकमध्ये मात्र ‘एकशे’च हवे. दीडशे आणि अडीचशे यांचा मोह मी टाळला, पावतीवर एकशे पन्नास आणि दोनशे पन्नास हेच शोभतात. त्यापुढे कोटी, लाख आणि हजार यांचे भागाकार क्रमाने काढत जावे. कोटीचा भाग शंभराच्या वर जाऊ शकतो, म्हणून त्यासाठी शतकाचे फंक्शनच पुन्हा वापरावे. मघाचा सर्वांत मोठा पूर्णांक अशा रीतीने दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस असा वाचला जातो. वाचनकक्षाच्या पेटीत तेवढी रक्कम पडण्याची चिन्हे नाहीत, पण फंक्शन तयार आहे.

मोनो या स्क्रिप्ट चालवणाऱ्या यंत्रणेवरच्या एका स्क्रिप्टला ६४ किलोबाइट स्मृती मिळते. पेटीचा हिशेब, मेनू आणि देणाऱ्यांची नावे एकाच स्क्रिप्टमध्ये असतील तर शंभर शब्दांची ही लिस्ट तिथे कोंबू नये. मी ती त्याच प्रिममधल्या, म्हणजे वस्तू ज्या ठोकळ्यांची बनते त्यांतल्या त्याच ठोकळ्यातल्या, दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये ठेवली आहे आणि दोघींचा संवाद एलएलमेसेजलिंक्डने होतो. या आज्ञेत पूर्णांकासाठी स्वतंत्र जागा असल्याने रक्कम तिथे कास्ट न करता जशीच्या तशी जाते. दुसरी स्क्रिप्ट तिचे शब्द करते आणि ते स्ट्रिंगच्या जागी घालून परत पाठवते. त्याच प्रिमला उद्देशून पाठवलेला संदेश पाठवणाऱ्या स्क्रिप्टलाही ऐकू येतो, तेव्हा विचारणा करताना स्ट्रिंग रिकामी ठेवावी, पेटीच्या स्क्रिप्टने रिकाम्या स्ट्रिंगचे संदेश सोडून द्यावेत आणि शब्दांच्या स्क्रिप्टने भरलेल्या स्ट्रिंगचे. नाहीतर दोन्ही स्क्रिप्ट एकमेकींना उत्तरे देत राहतात.